बारक्याचा पट्टा

अपघाताची बातमी वाचली की जॉबरकाकांचा प्रश्न ठरलेला असे. किती गेले, चूक कुणाची, हे ते विचारत नसत. पेपर माझ्यापुढे धरायचे, बातमीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "गाडीत सुटं काय होतं?"

मी तेव्हा सोलापुरात एका दैनिकात उपसंपादक होतो आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सहा वर्षे राहिलो. जिल्ह्यातल्या अपघातांच्या बातम्या माझ्याच टेबलावरून जात. ठिकाण, वेळ, वाहनाचा प्रकार, मृतांची नावे आणि वये, एवढे असले की बातमी पूर्ण समजली जाई. गाडीत सुटे काय होते, हे कोणी लिहीत नसे.

"पोलीस ते सांगत नाहीत," मी एकदा म्हणालो.

"मग तुम्ही विचारा की," ते म्हणाले. "कसले पेपरवाले ओ तुम्ही? ब्रेक मारला की गाडी थांबते. आतला माल थांबत नाही. हे एक वाक्य छापा की रोज, पहिल्या पानावर."

त्या दिवशी बातमीत एकाच घरातले तिघे गेले होते. तिघांची नावे छापलेली होती आणि हा माणूस सामानाची चौकशी करत होता. मला ते भयंकर वाटले. तरीही दुपारी मी आमच्या तालुक्याच्या बातमीदाराला फोन करून विचारले. त्याने पोलीस ठाण्यात विचारून संध्याकाळी सांगितले, "मागच्या सीटवर पाण्याचा जार होता. वीस लिटरचा. भरलेला. पुढच्या माणसाच्या डोक्याला तोच लागला म्हणतात." ही माहिती मी दोन दिवस काकांना सांगितली नाही. सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली. आनंद नाही, विजय नाही. हवामान खात्याचा अंदाज बरोबर निघाल्यावर माणूस मान हलवतो तशी.

गल्लीत त्यांना जॉबरकाका म्हणत. यंत्रमागाच्या कारखान्यात माग बिघडला की दुरुस्त करणारा, नवे सूत चढवणारा, कामगारांवर देखरेख ठेवणारा जो माणूस असतो त्याला जॉबर म्हणतात. काकांनी ते काम पस्तीस वर्षे केले. त्यांचे घराणे विणकरांचे, घरात तेलुगू बोलली जाई; माझ्याशी मात्र ते आणि काकू सोलापुरी मराठीत बोलत. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट यांची कातडी खुरासारखी झाली होती. मागावर धागा तुटला की त्याची दोन टोके एकमेकांत अडकवून जी गाठ मारतात, तिने ही कातडी घडवली होती. एका टोकाचा वाक, दुसऱ्याचा त्याभोवती वेढा, एक ओढ. हे सगळे चिमटीत होई. मी अनेकदा लक्ष देऊन पाहिले. गाठ झाल्यावर दिसे, होताना दिसत नसे.

"दिवसाला पाचशे मारल्या असतील," ते सांगत. "एक सुटलेली दाखवा."

बांधणे ही त्यांची सवय नव्हती, स्वभाव होता. स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर ओट्याच्या पायाला बांधलेला होता. गच्चीवरच्या टाकीचे झाकण बांधलेले. मिक्सरचे झाकण, इस्त्रीची वायर, न्हाणीघरातली बादली, सगळ्याला सुताची दोरी. गाडी जुनी होती, चार दारांची, आणि तिच्यात हाताला सुटे काही लागत नसे. पाण्याची बाटली बांधलेली, छत्री बांधलेली, डॅशबोर्डवरचा बोटभर गणपती पांढऱ्या सुताने कमरेला बांधलेला.

"देवाला तरी मोकळा सोडा," काकू म्हणत. "उद्या मलापण बांधाल."

"तुला बांधलंय की चाळीस वर्षांपूर्वी."

"ती गाठ भटजीनं मारली होती, तुम्ही नाही."

यावर काका हसत नसत. ते गाठीचा विषय गांभीर्याने घेत.

कुत्रा त्यांनी आणला नव्हता. माझ्याआधी वरच्या मजल्यावर राहणारा एक अधिकारी बदली होऊन गेला आणि जाताना ग्रेट डेन जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू 'आठ दिवसांसाठी' ठेवून गेला. तो परत आला नाही. पिल्लू लहान होते म्हणून काकूंनी त्याचे नाव बारक्या ठेवले. मी राहायला गेलो तेव्हा बारक्या दीड वर्षाचा होता आणि जेवणाच्या टेबलावर मान न उचलता हनुवटी ठेवू शकत होता. दर तीन महिन्यांनी काका त्याला कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर नेऊन उभा करत. शेवटचे वजन मी स्वतः पाहिले. एकसष्ट किलो.

"एकसष्ट किलो," घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले. "साठच्या स्पीडला ब्रेक मारला तर हे एकसष्ट राहत नाहीत. हा रेडा होतो. रेडा."

"आणि बसतो कुठं? माझ्या मानेच्या मागं," काकू म्हणाल्या.

हे खरे होते. बारक्या गाडीत मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसे, म्हणजे काकूंच्या नेमका मागे. उजवीकडे बसवला तर आरशात मागचा रस्ता दिसत नाही, असे काकांचे म्हणणे होते. काकूंना बारक्याचा लळा होता, पण गाडीत त्याचा गरम श्वास मानेवर आला की त्या पदर मागे ओढून घेत. त्यांच्या भीतीत गंमत नव्हती. त्या मला एकदा स्पष्ट म्हणाल्या होत्या, "मला कुत्र्याचं भ्या नाही. ब्रेकचं भ्या आहे."

त्या भीतीतून पट्टा आला. बाजारातले पट्टे काकांनी आणून पाहिले आणि बक्कल दाताखाली धरून परत केले. "पत्रा आहे. पत्र्यावर माझा विश्वास नाही." मग एका जुन्या मालकाच्या कारखान्यात बंद पडलेला अरुंद माग त्यांनी महिनाभर खपून चालू केला आणि त्यावर खाटेला लावतात तशी नवार विणली, पण दुपटीने जाड. काकूंनी ती शिवली. छातीभोवती एक पट्टा, पुढच्या पायांमागून दुसरा, पाठीवर दोन्ही जोडणारी एक आडवी पट्टी. शिलाई तिहेरी. गळ्याला काही नाही. "गळ्याला बांधला तर ब्रेकला फाशीच बसणार की," काका प्रत्येकाला सांगत. "छातीला बांधा. आखूड बांधा. पुढच्या सीटवर बसवू नका. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका." यात चुकीचे काहीच नव्हते.

पाठीवरून नवारीचे एक टोक निघे. गाडीचा मूळ बेल्ट जिथून येतो त्या लोखंडी कडीला दुसरे टोक बांधलेले असे. ही दोन टोके मधे जोडायची होती. तिथे काकांनी मागावरची गाठ मारली. ती कधी सुटत नाही, आणि सोडायची ठरवली तर वाक मागे दाबला की एका बोटाने मोकळी होते, कुत्र्याला पटकन उतरवता येते. यापेक्षा चांगले काही असू शकते, हे त्यांना सुचण्याचे कारण नव्हते.

चाचणी त्यांनी घेतली. साठ किलो वाळूचे पोते गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडत. पट्टा कठड्यावरच्या कडीला, मधे गाठ, खाली पोते. धप्प आवाज होई, पोते जमिनीच्या हातभर वर लटकत राही आणि काका खाली जाऊन गाठीवरून अंगठा फिरवत. असे त्यांनी रविवारी सकाळी किमान वीस वेळा केले. शेजारचे बेकरीवाले चाचा दारात येऊन विचारत, "क्या जॉबरसाब, आज फिर बोरी को फाशी देरै क्या?"

"तुमच्या बोकडालाही एक शिवून देतो," काका वरून सांगत.

रस्त्यावर ते अधिक त्रासदायक होते. सात रस्ता चौकाच्या सिग्नलला एका गाडीच्या खिडकीतून लॅब्रॅडॉरचे डोके बाहेर आलेले दिसले, तेव्हा ते स्वतःची गाडी तशीच सोडून उतरले आणि त्या गाडीची काच वाजवली. मागे हॉर्नचा गोंधळ. गाडीतल्या बाईंना वाटले धडक झाली. "धडक झाली नाही," काका म्हणाले, "झाल्यावर ह्याचं काय करणार, ते विचारायला आलोय." त्या बाईंनी त्यांना बरेच काही सुनावले. पंधरा दिवसांनी त्याच बाई कुत्र्याला घेऊन घरी आल्या. काकांनी टेपने कुत्र्याची छाती मोजली, काकूंनी पट्टा शिवला, काकांनी गाठ मारून दिली आणि ती कशी मारायची हे चार वेळा शिकवले. असे पाच पट्टे त्यांनी पाच कुत्र्यांना दिले. तीन शहरात, एक माढ्याला, एक करमाळ्याला. कोणाकडून काही घेतले नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पाचही कुत्र्यांची नावे, वजने आणि मालकांचे फोन लिहून ठेवले. शेवटचा पट्टा देऊन तीन वर्षे झाली होती.

एका शनिवारी सकाळी काका-काकू नातेपुत्याला मुलीकडे निघाले होते. तिथे त्यांची चार वर्षांची नात होती. मला मोहोळच्या पुढे एका गावात काम होते, म्हणून मीही त्यांच्या गाडीत बसलो. काका गाडी चालवत होते, काकू त्यांच्या शेजारी, मी काकांच्या मागे, बारक्या माझ्या शेजारी. निघताना काकांनी गाठ मारली आणि मला म्हणाले, "ओढून बघा." मी ओढून पाहिली. घट्ट होती.

मोहोळला चहासाठी थांबलो. बारक्या उतरला नाही, गाडीतच होता. पुन्हा निघाल्यावर तो सीटवर वर्तुळात फिरला, बसला, उठला, उलटा फिरला, पुन्हा बसला. मोठ्या कुत्र्यांना बसायला जागा पुरत नाही तेव्हा ती असेच करतात. पट्टा कधी ताणला जाई, कधी सैल पडे. माझ्या मांडीवर त्याचे शेपूट आपटत होते. मी फोनवर बातम्या पाहत होतो. गाठीकडे मी पाहिले नाही.

सव्वानऊच्या सुमारास डावीकडच्या पडीक रानातून मेंढ्या रस्त्यावर आल्या. आधी एक, मग सगळ्या. काकांनी ब्रेक दाबला. वेग पासष्टच्या आसपास असावा. गाडी सरळ राहिली, कुठेही धडकली नाही, पहिल्या मेंढीपासून दहा फुटांवर थांबली. चालवणाऱ्याची काहीही चूक झाली नाही.

माझ्या शेजारून काहीतरी करडे पुढे गेले. त्याला आवाज नव्हता. आवाज नंतर आला, सीटच्या मोडण्याचा. काकूंची सीट पुढे वाकली, त्यांचे डोके आधी मागे आणि मग छातीवर गेले. बारक्या त्यांच्या खांद्यावरून समोरच्या काचेवर आदळून त्यांच्या मांडीत पडला.

यानंतर जे झाले ते मी कोणाला सांगितलेले नाही. काका उतरले. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. काकूंचे दार त्यांच्या हाताशी होते. ते त्यांनी उघडले नाही. त्यांनी मागचे दार उघडले, सीटवरून पट्ट्याचे एक टोक उचलले, आणि पाहिले. नवार फाटली नव्हती. काकूंची शिलाई एका टाक्यानेही उसवली नव्हती. कडी जागेवर होती. दोन्ही टोके शाबूत, मोकळी, त्यांवर गाठीच्या घडीची खूण. दहा सेकंद तरी ते त्या टोकाकडे पाहत उभे होते. मग त्यांनी पुढचे दार उघडले.

"हात नका लावू मानंला!" मेंढपाळ धावत येऊन ओरडला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर घोंगडी. "मालक, मान हालवू नका त्येंची. माजा भाऊ असाच गेला. तशाच धरून ऱ्हावा." त्याने घोंगडीची वळकटी करून काकूंच्या मानेच्या दोन्ही बाजूंना दिली. मग बारक्याकडे पाहून म्हणाला, "आयला, केवडं हाय ह्ये. कुत्रं हाय का घोडं?"

बारक्या रस्त्यावर उतरून मेंढ्यांकडे पाहत शेपूट हलवत होता. त्याला खरचटलेही नव्हते.

काकू शुद्धीवर होत्या. नाकातून रक्त येत होते. त्या म्हणाल्या, "माझे हात कुठं आहेत?" दोन्ही हात त्यांच्या मांडीवरच होते.

रुग्णवाहिका पाऊण तासाने आली; मी काकूंबरोबर तिच्यात बसलो, काका मागून गाडी घेऊन आले. बारक्याला मेंढपाळाने त्याच्याच दोराने बाभळीला बांधून घेतले. दोन दिवसांनी मी त्याला आणले. सोलापुरात रुग्णालयात तपासण्या झाल्या. मानेचा मणका सरकला होता. शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. ती नीट झाली, हे इथेच सांगून टाकतो; काकू आता चालतात, स्वयंपाक करतात, डाव्या हाताची दोन बोटे बधिर आहेत. पण त्या शनिवारी दुपारी बारा वाजता डॉक्टरांनी एवढेच सांगितले होते की हातांत संवेदना नाही आणि पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत.

हे ऐकून काका मला म्हणाले, "तुम्ही इथं थांबा. मला जायचंय."

"कुठे?"

"पाच जणांकडं."

मला कळले नाही.

"पाच पट्टे बाहेर आहेत," ते म्हणाले. "माझ्या गाठीचे. उद्या रविवार आहे. लोक कुत्री घेऊन फिरायला निघतात."

मी म्हणालो, फोन करा. त्यांनी माझ्यासमोर पाचही फोन केले. तिघांनी "बरं, बघतो" म्हटले, एकाने उचलला नाही, माढ्याचा हसला. काकांनी फोन खिशात ठेवला. "फोनवर लोक हो म्हणतात," ते म्हणाले. शर्टावर काकूंचे रक्त होते. पत्नी आत, हात हलत नाहीत, आणि हा माणूस जिना उतरून निघाला. समोरच्या बाकावर बसलेल्या एका बाईने मला विचारले, "त्यांचे कोण लागता तुम्ही?" मी भाडेकरू असल्याचे सांगितले. ती म्हणाली, "आणि नवरा गेला?" मुलीला फोन मीच केला. ती म्हणाली, आमचे मालक कामावरून आले की लगेच निघतो.

पुढचे मी नंतर विचारून घेतले आहे. शहरातले तिन्ही पट्टे त्यांनी दीडपर्यंत गोळा केले. सात रस्त्याच्या त्या बाईंनी रक्त पाहून दारच लावून घेतले आणि पट्टा खिडकीतून फेकला. माढ्याच्या शेतकऱ्याकडे पश्मी जातीचा उंच कुत्रा होता. तो मला फोनवर म्हणाला, "मी म्हनलं, अवो काका, लई भारी पट्टा हाय की. तीन वर्सं झाली, येकदा सुटला न्हाय. तुमी कशापायी नेताय? तर काय बोलंचनात. वट्यावर बसलं, पट्ट्याची गाठ मारली, माज्या हातात दिली. म्हनलं वडा. मी वडली. घट्ट. म्हनलं आता सोडा, आनि नुसतं हालवा. ढिली धरून हालवा, कुत्रं कूस बदलतंय तसं. मी हालवली. तीस-चाळीस येळा. गाठ आपुआप मोकळी झाली साहेब. माज्या हातात. माज्या अंगावर काटा आला. आदल्याच दिवशी पोरांना मागं बसवून बार्शीला जाऊन आल्तो, कुत्रं संगट."

हे काकांना केव्हा उमगले, ते त्यांनी मला नंतर एकदाच सांगितले. रस्त्यावर, मागचे दार उघडे असताना, त्या दहा सेकंदांत. मागावरचा धागा कधीच सैल नसतो. सकाळी माग चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत तो ताणातच असतो, म्हणून ती गाठ टिकते. गच्चीवरून टाकलेले पोतेही एकदाच झटका देते आणि लटकून राहते. पोते कूस बदलत नाही. कुत्रा बदलतो. पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली एकही गाठ सैल धाग्यावर नव्हती, म्हणून सैल पडल्यावर ती काय करते हे पाहण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

करमाळ्याहून ते संध्याकाळी सातच्या आत परत आले. जवळपास तीनशे किलोमीटर झाले असावेत, त्याच गाडीने, काच तडकलेली, शेजारची सीट मोडून पुढे वाकलेली. हातात कापडी पिशवी होती. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. काकूंना औषधाच्या गुंगीतून नुकतीच जाग आली होती. मानेभोवती कडक पट्टा, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. त्यांना छताशिवाय काही दिसत नव्हते.

"आले का ते?" त्यांनी मला विचारले.

"आलोय," काका म्हणाले.

"कुठं गेला होता, ते सांगितलं ह्यांनी मला." मी मान खाली घातली. मला वाटले आता त्या जे बोलतील ते मी ऐकू नये. त्या म्हणाल्या, "किती आणले?"

"पाच. आपला धरून सहा. संपले."

"आणि छोटा?"

काका पिशवीत पाहू लागले.

"छोटा ओ," काकू म्हणाल्या. "उरलेल्या नवारीचा. दिवाळीत ती मागच्या सीटवर उभी राहत होती म्हणून मी शिवला होता की. जावयांना गाठ तुम्हीच शिकवली."

कॅलेंडरच्या मागे कुत्र्यांची यादी होती. नात कुत्रा नव्हती, म्हणून ती यादीत नव्हती. काकांच्या हातातली पिशवी खाली पडली. मी घड्याळ पाहिले, पावणेसात झाले होते. मुलीचा मला पाच वाजता निरोप आला होता: निघालो, बाळही सोबत आहे.

मी फोन लावला आणि आवाज मोठा करून काकांपुढे धरला. मुलीने उचलला. "दादा, मोहोळ सोडलंय. आई कशी आहे?"

"गाडी थांबवायला सांग," काका म्हणाले. ते तेलुगूत बोलत होते. सहा वर्षांत मला तेवढी समजू लागली होती. "आई बरी आहे. गाडी थांबव. ब्रेक जोरात नको. हळू. कडेला."

"काय झालं नाना?"

"हळू म्हणतोय ना मी. झटका नको. थांबली का?"

गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला. ट्रक जवळून जात होते. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"थांबली. बोला की आता, जीव घाबरा होतोय माझा."

"बाळ कुठं आहे?"

"मागं आहे. झोपलीय. तुमच्या पट्ट्यात."

"उतर. मागचं दार उघड. पट्ट्याला हात लावू नको. नुसतं बघ आणि मला सांग, गाठ कशी आहे."

दार उघडल्याचा आवाज. मग बराच वेळ फक्त रस्ता ऐकू येत होता. काकांचे ओठ हलत होते. काकू छताकडे पाहत होत्या, न लुकलुकता.

"नाना," मुलगी म्हणाली. आवाज बदलला होता. "गाठ नाही. एक टोक खाली लोंबतंय. नुसताच आहे तो तिच्या अंगावर."

"कधीपासून?"

"मला काय माहिती नाना? नातेपुत्यात ह्यांनी बांधला होता. मी ओढून बघितला होता. घट्ट होता."

"ती?"

"झोपलीय. घोरतेय."

काकांनी तिला सांगितले की तू मागे बस, तिला गाडीच्या मूळ बेल्टमध्ये घे, चाळीसच्या वर जाऊ नका. हे सगळे त्यांनी नीट, क्रमाने सांगितले. तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. फोन बंद झाला. मग त्यांनी पलंगाचा गज धरला, आणि तो हातातून सुटला.

काकूंना मान वळवता येत नव्हती.

"कुठं आहेत ते?" त्यांनी मला विचारले.

"खाली बसलेत," मी म्हणालो. "फरशीवर."

"बसू दे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उभे आहेत."